तत्रैव यांच्या मते

एका जंगलात, बाळांनो, एक महाविद्यालय होते.

जंगलात महाविद्यालय कशाला, असे तुम्ही विचाराल. विचारणे योग्यच आहे. मलाही हा प्रश्न पडतो, आणि तो फक्त जंगलातल्या महाविद्यालयाबद्दलच पडतो असे नाही. पण या गोष्टीत तरी त्याचे उत्तर सोपे आहे.

त्या जंगलाचा राजा वाघ होता. तो एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथला वाघ जेवता जेवता म्हणाला, "आमची प्रजा सुशिक्षित आहे हं!" आपल्या वाघाला घास गिळवेना. आपण इतकी वर्षे अडाणी प्रजा खात आलो, याची त्याला फार लाज वाटली.

परत आल्यावर त्याने दवंडी पिटवली.

"जंगलात महाविद्यालय काढण्यात येत आहे. शिकलेल्या प्राण्याला आम्ही खाणार नाही. शिकत असलेल्यालाही खाणार नाही. मात्र पहिल्या सत्राच्या निबंधात जो नापास होईल, त्याचे नाव पटावरून कमी होईल. पुढचे आम्ही बघू."

त्या दिवसापासून जंगलात विद्येची एकाएकी गोडी उत्पन्न झाली.

पुढे कित्येक वर्षांनी त्याच जंगलात मनकर्णा नावाची एक पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे हरणांतले सगळ्यात लहान हरीण. साधारण सशाएवढे. अंगावर पांढरे ठिपके, काडीसारखे पाय, आणि शिंगे अजिबात नाहीत. वाघाच्या दृष्टीने ते जेवण नव्हे. ती येता-जाता तोंडात टाकायची गोष्ट.

"मने," तिची आई म्हणाली, "आपल्या घराण्यात अजून कुणी म्हातारं झालेलं नाही. तू तरी हो."

"कशी होऊ?"

"तुझं अक्षर चांगलं आहे. कॉलेजात जा."

मनकर्णेचे अक्षर खरेच चांगले होते. ओढ्याकाठच्या शाळेत तिचा निबंध नेहमी पहिला येई. ती लिही, "मी सकाळी पाणी प्यायला गेले. पाणी गार होते. मला बरे वाटले." शाळेच्या गुरुजींना, म्हणजे धनेशाला, असे निबंध फार आवडत. ते भली मोठी चोच वाजवून म्हणत, "वा, पोरी! जसं झालं तसं लिहिलंस."

हेच कौतुक पाठीशी घेऊन मनकर्णा महाविद्यालयात गेली.

तिथे लेखन शिकवायला ढोकसर होते. ढोक म्हणजे करकोच्याच्या कुळातला, लांब चोचीचा पक्षी. सर नेहमी एका पायावर उभे राहून शिकवत. दुसरा पाय ते निष्कर्षासाठी राखून ठेवतात, असे मुले म्हणत. मुले पळसाच्या पानावर जांभळाच्या रसाने लिहीत. सर पळसफुलांच्या तांबड्या रंगाने त्यावर खुणा करत. मनकर्णेचे पहिले पान परत आले तेव्हा पळस फुलल्यासारखे दिसत होते.

"यात मनकर्णा कोण?" सरांनी विचारले.

"मी, सर."

"हीच तुझी पहिली चूक. विद्वान कधी 'मी' म्हणत नाही."

वर्ग हसला. मनकर्णेला वाटले, सर गंमत करत आहेत. म्हणून तीही हसली. ती तिची दुसरी चूक.

"आता हे वाक्य. 'पाणी गार होते.' असे कोण म्हणते?"

"म्हणजे... सर, मी प्यायले होते ना."

"पाण्यावर तुझे काही पुस्तक आहे?"

"नाही."

"मग पाणी गार होते, हे तू कोणत्या अधिकाराने म्हणतेस? फार तर असे म्हणता येईल की, 'पाणी गार असल्याचे दिसून येते.'"

"पण सर, गार दिसत नाही. लागतं."

मागच्या फांदीवरून कोणीतरी खो खो हसले. सरांनी पाय बदलला. फार राग आला की ते पाय बदलत.

"आणि 'मला बरे वाटले' हे काय आहे?"

"वाटलं, सर."

"तो तुझा घरगुती मामला आहे. तुझ्याआधी कोणीतरी जे म्हटले असेल, तेच म्हणायचे. आणि ते कोणी म्हटले, हे पानाच्या तळाशी लिहायचे."

"आणि आधी कुणीच म्हटलं नसेल तर?"

"मग ते खरे कशावरून?" सर म्हणाले.

बाळांनो, या प्रश्नाला मनकर्णेकडे उत्तर नव्हते. मी शोधले; मलाही सापडले नाही. पण सर बरोबर होते असेही मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

वर्ग सुटल्यावर ती रडत बसली. अक्षर चांगले असूनही आपण नापास होणार, आणि मग वाघ पुढचे बघणार, हे तिला स्पष्ट दिसत होते. तेवढ्यात मघा हसणारा खाली उतरला. तो हैबती नावाचा उदमांजर होता. कानामागचे केस पांढरे झाले होते, तरी तो पहिल्या सत्रातच होता.

"रडतेस काय, येडे? माझ्याकडे बघ. किती वर्षं इथे आहे, मलाच आठवत नाही."

"हैबतीदादा, तुम्ही नापास कसे होत नाही?"

"निबंध दिला तर नापास होईन ना! मी मुदतवाढ मागतो. विषय फार खोल आहे म्हणतो. खोल म्हटलं की ते घाबरतात. देतात."

"आणि मग काय करता?"

"जांभळं खातो."

"मला मुदतवाढ देतील?"

"तुला नाही देणार. तू मन लावून शिकतेस हे सगळ्यांना कळलंय." हैबतीने मिशा साफ केल्या. "तू असं कर. ग्रंथालयात जा. ग्रंथ वाचू नकोस, पोट बिघडेल. नुसता पानाचा तळ बघत जा. तिथं बारीक अक्षरात नावं असतात. ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा, तो सगळ्यात मोठा. त्याच्या नावावर सगळं खपव."

मनकर्णा ग्रंथालयात गेली. ते एका जुन्या ऐनाच्या ढोलीत होते. तिने एक ग्रंथ उघडला आणि तळ बघितला. मग दुसरा. मग तिसरा. कुठे एक नाव होते, कुठे दुसरे. पण एक नाव मात्र प्रत्येक ग्रंथात, जवळजवळ प्रत्येक पानावर होते.

तत्रैव. तत्रैव. तत्रैव.

मनकर्णा थक्क झाली. केवढा हा व्यासंग! पाण्यावर तत्रैव, गवतावर तत्रैव, व्याकरणावर तत्रैव. कित्येक पानांवर तर दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती.

तुमच्यातली मोठी मुले आता हसत असतील. लहानांसाठी सांगतो. तत्रैव हा संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ 'तिथेच'. विद्वान तळटिपेत एकदा पुस्तकाचे नाव लिहितो. लगेच पुन्हा त्याच पुस्तकाचा हवाला द्यायचा असला, की सगळे नाव परत लिहायचा त्याला कंटाळा येतो. म्हणून तो नुसते 'तत्रैव' लिहितो. म्हणजे, वर सांगितले तिथेच बघा. त्यात याहून जास्त काही नाही, अशी निदान माझी समजूत आहे.

मनकर्णेला हे कोणी सांगितले नव्हते. महाविद्यालयात जे सगळ्यांना ठाऊक असते ते कोणी कोणाला सांगत नाही. आणि जे कोणालाच ठाऊक नसते, तेही कोणी कोणाला विचारत नाही.

तिने सत्राचा निबंध लिहिला. तो असा होता:

"पाणी गार असते, असे तत्रैव यांनी म्हटले आहे. ते प्राशन केल्याने प्राण्यास बरे वाटत असल्याचे तत्रैव यांनी प्रतिपादन केले आहे. तत्रैव यांच्या या मताशी तत्रैव यांनी अन्यत्र सहमती दर्शविली आहे."

ढोकसरांनी निबंध वाचला आणि राखून ठेवलेला पायही खाली टेकला.

'तत्रैव' हा शब्द त्यांना चांगला माहीत होता. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधात इतर शब्दांपेक्षा तोच जास्त होता. पण 'तत्रैव यांनी'? इतक्या आदराने? इतक्या खात्रीने? सरांना शंका आली. असेलही एखादा या नावाचा. दक्षिणेकडचा असेल. आपल्या वाचनातून सुटला असेल. आता चूक म्हणावी आणि तो खरेच निघावा, तर? बरे, कोणाला विचारावे, तर आपले अज्ञान उघडे पडणार.

म्हणून ते न विचारल्यासारखे करून विचारायला घोरपडेबाईंकडे गेले. घोरपडेबाई म्हणजे घोरपड. त्या समीक्षा शिकवत. एखाद्या मताला एकदा चिकटल्या की सुटत नसत.

"काय बाई, हल्ली तत्रैव वाचलात का?"

बाईंनी जीभ बाहेर काढून आत घेतली. विचार करायला त्यांना तेवढा वेळ पुरे असे.

"वाचला का म्हणजे? मी तत्रैव पुन्हा वाचते आहे."

"कसा वाटतो?"

"सुरुवातीचा चांगला. पुढे पुढे फार पुनरुक्ती."

"अगदी माझ्या मनातलं बोललात! शिवाय त्याचं स्वतःचं असं काही दिसत नाही. सतत आधीच्याची री ओढतो."

"पण विनम्र आहे हो. नेहमी तळाशी बसतो."

"बसतात," ढोकसर म्हणाले. "एवढ्या मोठ्या विद्वानाला अरेतुरे नको."

मनकर्णा निबंधात पहिली आली.

झाले. पुढच्या सत्रापासून सगळे तत्रैव यांचाच आधार घेऊ लागले. ज्याला जे म्हणायचे असेल ते तो तत्रैव यांच्या तोंडी घाली आणि पास होई. 'तत्रैव : एक पुनर्विचार' या विषयावर चर्चासत्र भरले. त्यात सगळ्यांनी तोच विचार पुन्हा केला. तत्रैव यांची जयंती सुरू झाली. ती परीक्षेच्या आदल्या दिवशी येई. मग तत्रैव कोणाचे, यावरून वाद पेटला. ते गवत खात असत, असे हरणांचे म्हणणे. ते चिखलात लोळत असत, असे रानडुकरांचे म्हणणे. रानडुकरांनी तर मिरवणूकही काढली.

या सगळ्या धामधुमीत मनकर्णेला एक वाईट खोड लागली. पास झाल्यावर वेळ होता, म्हणून तिने ग्रंथ वरूनही वाचायला सुरुवात केली.

एका ग्रंथाच्या सुरुवातीलाच छापले होते: 'तत्रैव – तिथेच, वरीलप्रमाणे.'

ती तशीच हैबतीकडे धावली.

"दादा, तत्रैव नाहीत!"

"अरेरे. कधी गेले?"

"गेले नाहीत हो. नव्हतेच!"

हैबतीने तोंडातले जांभूळ गिळले. बीसकट. "मग तू पास कशी झालीस?"

"तेच तर! मी सांगून टाकते सगळ्यांना."

"गप बस. उद्या पदवीदान आहे. महाराज स्वतः येणार आहेत. सगळं जंगल शिकायला लागल्यापासून त्यांना काय खायला मिळतं, ठाऊक आहे? खेकडे. खेकडे खाऊन खाऊन हाडं दिसायला लागलीत त्यांची. अशा वेळी आपण होऊन नापास व्हायचं असतं का?"

दुसऱ्या दिवशी वाघ आला. गळ्यात झेंडूची माळ होती, आणि ती बरगड्यांवर लोंबत होती. भाषणे झाली. प्रत्येक भाषणात तत्रैव होते. वाघाने एक जांभई दिली. समोर बसलेल्यांना तिच्यातले सगळे दात दिसले.

"या तत्रैवांबद्दल फार ऐकलं," वाघ म्हणाला. "आम्हाला त्यांना भेटायचं आहे. कुठे असतात ते?"

सगळ्यांनी ढोकसरांकडे माना वळवल्या.

"ढोकसर?"

"महाराज, या विषयातले मूलभूत काम या विद्यार्थिनीचे आहे," ढोकसर म्हणाले आणि त्यांनी चोचीने मनकर्णेला पुढे ढकलले.

"काय गं पोरी, कुठे असतात तुझे तत्रैव?"

मनकर्णेने वाघाकडे पाहिले. आज थाप मारावी, तर उद्या तत्रैव आणून दाखवावे लागणार. खरे सांगावे, तर निबंध खोटा ठरणार. दोन्हीकडे वाघच होता. तेव्हा निदान खरे तरी सांगावे, असे तिला वाटले.

"महाराज, तत्रैव म्हणून कुणी नाहीत. तो नुसता शब्द आहे. तिथेच, असा त्याचा अर्थ आहे. मला कळलं नव्हतं. मी चुकले."

एकच गलका झाला. त्यातून ढोकसर सगळ्यांत आधी सावरले.

"या विधानाला संदर्भ काय?"

"सर, मी स्वतः पाहिलं..."

"पुन्हा मी!" ढोकसर म्हणाले.

"आणि वर स्वतः!" घोरपडेबाई म्हणाल्या.

"आमच्या तत्रैवांचा अपमान!" रानडुकरे ओरडली. "हिला पटावरून काढा!"

"महाराज," ढोकसर फार दुःखाने म्हणाले, "ही मुलगी हुशार होती. पण आधाराशिवाय विधान करते. हिला नापास करण्यावाचून गत्यंतर नाही."

वाघाच्या तोंडाला पाणी सुटले. तो उठून उभा राहिला.

मनकर्णेला तेवढाच वेळ मिळाला. तिने डोळे मिटले आणि परीक्षेतल्या शुद्ध भाषेत, मोठ्याने म्हटले:

"तत्रैव हे अस्तित्वातच नाहीत, असे खुद्द तत्रैव यांनी एके ठिकाणी म्हटले आहे."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की ऐनावरची पाखरे उडाली.

"केवढा हा विनय!" घोरपडेबाई म्हणाल्या. रानडुकरांनी डोळे पुसले.

"हे मत आमच्याही वाचनात आले होते," ढोकसर म्हणाले. "विशेष प्रावीण्य!"

वाघ पुन्हा खाली बसला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. वाघ अडाणी होता. त्यामुळे मनकर्णा पहिल्यांदा जे साध्या भाषेत बोलली, ते सगळ्या सभेत त्याला एकट्यालाच समजले होते. तत्रैव नाहीत, हे त्याला कळले. आणि ते नाहीत म्हणूनच त्यांच्या तोंडी काहीही घालता येते, हेही त्याने आत्ताच डोळ्यांनी पाहिले होते.

तो खाकरला.

"शिकलेल्याला आम्ही खात नाही. वचन म्हणजे वचन. तर आज इथे शिकलेलं कोण कोण आहे?"

"मी, महाराज!" एक रानडुक्कर ओरडले.

"मी! मी!" हरणे ओरडली.

"मी तर डॉक्टर आहे!" घोरपडेबाई ओरडल्या.

त्या महाविद्यालयात 'मी'चा असा गजर आजवर झाला नव्हता. ढोकसर तेवढे शिस्तीचे. त्यांनी पंख वर करून सांगितले, "प्रस्तुत प्राध्यापकही."

वाघ सगळ्यांचे ओरडणे संपेपर्यंत थांबला.

"अरेरे," तो म्हणाला. "शिकलेला प्राणी कधी 'मी' म्हणत नाही, असे तत्रैव यांनी म्हटले आहे."

दोघा-तिघांनी ते वाक्य उतरून घेतले. तत्रैव यांनी असे खरेच म्हटले आहे का, हे कोणाच्या चेहऱ्यावर दिसते का, म्हणून जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. वाचले नाही, असे म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

मनकर्णा मात्र केव्हाच हळूहळू मागे सरकत झुडपांपर्यंत पोचली होती.

"कुठे म्हटलं आहे, महाराज?" तिने लांबून विचारले.

"तिथेच," वाघ म्हणाला.

आणि मनकर्णा पळाली. समोर बसलेल्यांत तत्रैव कोणीच नाहीत याची खात्री असलेली ती एकटीच होती, म्हणून पळायला मोकळीही ती एकटीच होती.

"पण महाराज, हे तर मी रोज वर्गात सांगतो!" ढोकसर आनंदाने म्हणाले.

ढोकसरांना पंख होते, बाळांनो. ते सहज उडून गेले असते. पण आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लगेच लक्षात आले, आणि ते वाक्यात दुरुस्ती करायला थांबले.

त्या दिवशी वाघ पोटभर जेवला. जेवण झाल्यावर त्याचे लक्ष वरच्या फांदीकडे गेले. तिथे हैबती पाय सोडून बसला होता.

"आणि तू रे? तू शिकलेला आहेस का?"

"छे हो, महाराज. आमचं अजून चालूच आहे."

शिकत असलेल्याला खायचे नाही, असाही नियम होता. वाघाने वचन पाळले, आणि हैबतीने पुढच्या सत्राची मुदतवाढ तोंडीच मागून घेतली.

मनकर्णा धापा टाकत घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"काय गं? पास झालीस ना?"

"झाले," मनकर्णा म्हणाली. "आत चल आणि दार लाव."

तात्पर्य : निबंध कधीही वेळेवर देऊ नये. दिलाच, तर त्यात पहिले येऊ नये. आणि आलेच, तर पळता येईल इतपतच विद्वान व्हावे. (हे मत लेखकाचे असेलच असे नाही. कोणाचे आहे, ते लेखकाने पुष्कळ शोधले, सापडले नाही.)